पनवेलपासून कॉलेज किती लांब?

आजच्या भागाचा प्रश्न अगदी साधा आहे. पनवेलपासून कॉलेज किती लांब आहे?

मोबाईलवर नकाशा उघडलात तर उत्तर मिनिटांत मिळेल. रिक्षाने दहा मिनिटं, लोकलने दोन स्टेशनं, फार तर तासाभराचा प्रवास. पण हाच प्रश्न 1960 च्या सुमारास पनवेल तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला विचारला असता, तर त्याने किलोमीटर सांगितले नसते. मुंबईत आपलं कोण आहे, मामाच्या खोलीत झोपायला जागा आहे का, भात झोडायला घरी माणूस कोण, अशी गणितं त्याने सांगितली असती. आणि माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या वाडीवरच्या मुलीला आज विचारलंत, तर तिचंही उत्तर मिनिटांत येणार नाही.

शाळेपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता सगळ्यांना सारखाच दिसतो. पण त्यावर नाके आहेत, आणि प्रत्येक घराला तिथे वेगळा टोल भरावा लागतो. पनवेलकरांना टोलनाका वेगळा समजावून सांगायला नको! आज आपण असे तीन नाके बघणार आहोत: अंतर, पैसा आणि कागद. तिसऱ्या नाक्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो, म्हणून तो शेवटी.

पहिला नाका: अंतर

पनवेल तसं जुनं गाव. इथली नगरपालिका 1852 ची. त्याही आधी, 1830 मध्ये बोरघाटातला रस्ता सुरू झाला, तेव्हा मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे गाडीरस्त्याने पुण्याला जायचं, अशी वहिवाट होती. म्हणजे मुंबई-पुण्याच्या मधलं महत्त्वाचं ठिकाण. मग रेल्वे आली आणि ती कल्याण-कर्जतवरून घाट चढली. पनवेल बाजूला पडलं. गावात रूळ यायला 1960 चं दशक उजाडलं, तेही दिव्याच्या बाजूने. मुंबईची लोकल तर 1998 मध्ये आली. वाशीचा खाडीपूल 1970 च्या दशकातला. त्याआधी मुंबईला रस्त्याने जायचं तर ठाण्याकडून वळसा.

मुंबई विद्यापीठ 1857 चं. नकाशावर बघितलं तर खाडीपलीकडे. पण कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या मुलासाठी ती खाडी भलतीच रुंद होती.

या जिल्ह्यातली तीन मोठी नावं घेऊ. वासुदेव बळवंत फडके पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले. तिघांत साम्य काय? तिघांनाही घडण्यासाठी जिल्हा सोडावा लागला. फडक्यांनी नोकरीसाठी मुंबई-पुणे गाठलं. पुण्यातल्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतात. शिरढोणच्या माणसाने उभारायला हातभार लावलेली संस्था, पण पुण्यात! विनोबांचे वडील बडोद्यात नोकरीला होते, म्हणून विनोबा बडोद्यात शिकले. देशमुखांचे वडील वकील. देशमुख 1912 मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली.

यांच्या बुद्धीबद्दल शंकाच नाही. पण आणखी एक गोष्ट तिघांकडे होती. घर सोडून जाता येईल असं घर. फडक्यांच्या आजोबांकडे कर्नाळ्याची किल्लेदारी होती. बाकी दोघांच्या घरी नोकरी होती, वकिली होती. मुलगा चार-सहा वर्षं कमावणार नाही, हे या घरांना परवडत होतं. ज्या घरांना ते परवडलं नाही, त्या घरांतल्या हुशार मुलांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. इतिहासात त्यांची नोंद नाही. कारण नोंद व्हायला आधी शाळेच्या हजेरीपटावर यावं लागतं.

1970: एकाच वर्षी दोन गोष्टी

आता थेट 1970 मध्ये येऊ. त्या वर्षी पनवेलच्या आयुष्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या.

एक, मार्च महिन्यात सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं.

दोन, त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेने पनवेलमध्ये महात्मा फुले महाविद्यालय सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात ही संस्था काढली. वसतिगृह आणि 'कमवा आणि शिका' हे तिचे दोन पाय. गरीब मुलाला नुसती फी माफ करून भागत नाही. त्याला राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि हाताला काम लागतं, हे भाऊरावांनी ओळखलं होतं. पनवेलमध्ये कॉलेज आलं, तेव्हा आसपासच्या गावांतला मुलगा सकाळी एसटीने किंवा सायकलने जाऊन दुपारी घरच्या कामाला परत येऊ शकला. पहिल्या नाक्यावरचा टोल एका झटक्यात कमी झाला.

मुलींच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा. मुलाला मुंबईत नातेवाईकाकडे ठेवायला घर एक वेळ तयार व्हायचं, मुलीला नाही. संध्याकाळी घरी परत येता येईल असं कॉलेज असेल तरच तिचं शिक्षण पुढे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना बघा. आधी पाचवी ते दहावी, पुढे बारावीपर्यंत. योजना शिक्षणाची, पण तिकीट एसटीचं! कारण अडचण गाडीभाड्याची होती.

या कॉलेजला महात्मा फुल्यांचं नाव आहे, तेही नुसतं पाटीवर ठेवून चालणार नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं होतं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या कष्टावर भरते आणि त्या पैशातून उच्च शिक्षण मिळतं वरच्या वर्गातल्या मुलांना. शेतकऱ्याच्या मुलाला धड प्राथमिक शाळाही नाही. म्हणून बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, आणि ज्या समाजांत शिक्षण पोहोचलेलंच नाही त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवा, अशी त्यांची मागणी होती. पैसा कोण भरतो आणि वर्गात कोण बसतो? हा प्रश्न 1882 चा आहे, आणि तो तुमच्या-माझ्या काळापर्यंत चालत आला आहे.

दुसरा नाका: पैसा

पनवेलच्या आसपासची बरीच गावं आगरी-कोळी समाजाची. भातशेती, मिठागरं, मासेमारी. जिल्ह्यात अनेक ठिकाणी कसणारा वेगळा आणि मालक वेगळा. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला आणि तो 1939 पर्यंत चालला. इतकी वर्षं जमीन न कसता, उपाशीतापाशी राहून! वाट्याचं अर्धं भात खोताच्या कोठारात जात असेल, तर मुलाच्या वहीला पैसे कुठून येणार? खोतीविरोधाच्या लढ्याला बाबासाहेब आंबेडकरांनीही साथ दिली. पुढे खोती कायद्याने गेली, कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. कसणारी कुळं मालक मानली गेली.

आता गंमत बघा. खरं तर गंमत नाही, दुर्दैव. 1957 ते 1970. फक्त तेरा वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरांतली मुलं आता कुठे स्वतःच्या भातावर शाळेत जायला लागली होती, तोवर सिडकोची नोटीस आली.

अशा वेळी घरात किंवा गावात शिकलेला माणूस असणं म्हणजे काय, हे दि. बा. पाटलांकडे बघून कळतं. जासईचे दि. बा., 1926 चा जन्म, वडील शिक्षक. ते वकील झाले, पनवेलचे नगराध्यक्ष झाले, आमदार-खासदार झाले. भूसंपादनाचा कायदा वाचून मोबदल्याचा प्रश्न मांडू शकणारा माणूस या लोकांना त्यांच्यातूनच मिळाला. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून लोक रस्त्यावर का उतरतात, ते इथून समजून घ्या. शिक्षकाच्या घरातला एक मुलगा वकील झाला, त्याचा फायदा 95 गावांना झाला.

पण साडेबारा टक्क्यांचा शिक्षणाशी काय संबंध? खूप. सातबाऱ्यावर जमीन जास्त, त्याला भूखंड मोठा. काही घरांत त्यातून इमारत उभी राहिली, भाडं सुरू झालं, पोरं इंजिनीअरिंगला गेली. काही घरांत पैसा गाडीत, लग्नात, भाऊबंदकीच्या कोर्टकचेरीत संपला. आणि जे दुसऱ्याच्या शेतात किंवा मिठागरात मजुरी करत होते, त्यांचं काम गेलं. हातात मात्र फार थोडं आलं. एकाच गावात, एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांचे तीन रस्ते तिथे वेगळे झाले. मुलं तीच होती, मास्तर तेच होते. फरक सातबाऱ्यात होता.

सरकारने काहीच केलं नाही, असं नाही बरं का. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याआधीची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1959 च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी फी माफीची सवलत आली. उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला 1200 रुपये. तुमच्या आजोबांना 'ईबीसी' म्हणजे काय ते विचारा. त्या तीन अक्षरांवर खेड्यापाड्यातली एक अख्खी पिढी मॅट्रिकच्या पुढे गेली. मग 1975 मध्ये अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली, त्यानंतर दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज. अनेक हायस्कुलांनीच अकरावी-बारावी काढली आणि बारावी गावाजवळ आली. 1980 च्या दशकात मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण मिळालं.

पण त्याच दशकात, 1983 मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या हे खरं. ज्या मुलांना आधी कर्नाटकात देणगी भरून जावं लागायचं, त्यांना इथेच सोय झाली. पनवेल-नवी मुंबईचा पट्टा आज कॉलेजांनी भरलेला आहे, तो या धोरणामुळे. पण अंतराचा नाका उठला तिथेच फीचा नाका मोठा झाला. कॉलेज खिडकीतून दिसतं, फीचा आकडा बघून खिडकी बंद करावी लागते. म्हणून तर 2024 मध्ये सरकारला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ करावी लागली.

आणि फी माफ झाली तरी एक खर्च उरतोच. तो कुठल्याही पावतीवर नसतो. अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजात बसतो, म्हणजे तो कामावर नसतो. ज्या घराला त्याच्या महिन्याच्या दहा-बारा हजारांची गरज आहे, त्या घरासाठी मोफत कॉलेजही महागच. वर्गातला एखादा मित्र बारावीनंतर एकदम डिलिव्हरीचं टी-शर्ट घालून दिसतो ना, तो 'अभ्यासात रस नव्हता' म्हणून गेला असं लगेच समजू नका.

हंगाम आणि वेळापत्रक

तिसऱ्या नाक्याकडे जाण्याआधी थोडं वळण घेऊन डोंगराकडे जाऊ. पनवेल तालुक्यात कातकरी आणि ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी हा केंद्र सरकारच्या यादीतला विशेष असुरक्षित आदिवासी समूह. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे 'यंदा नको' म्हणायची सोय नसते. आणि बोर्डाची परीक्षा कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऐन हंगामात! वेळापत्रक बनवणाऱ्याने मुद्दाम हे केलं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर पगारदार घर होतं. आईवडील बारा महिने एकाच पत्त्यावर राहतात, हे त्याने गृहीतच धरलं.

त्यात टप्पे किती बघा. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीपर्यंत. मग शेजारच्या मोठ्या गावात सातवी-आठवी. मग हायस्कूल, बहुधा खाजगी संस्थेचं. मग ज्युनिअर कॉलेज पनवेलला. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला, पण त्याचं छत्र आठवीपर्यंतच. प्रत्येक टप्प्यावर शाळा बदलते, अंतर वाढतं, आणि काही मुलं मागे राहतात. कॉलेजचा प्रवेश बारावीनंतर होतो असं आपण मानतो. या मुलांसाठी तो पाचवीतच ठरायला लागतो.

तिसरा नाका: कागद

आता समजा, सगळं जमलं. मुलगी दहावी-बारावी पास झाली, कॉलेज जवळ आहे, फी माफीची योजनाही आहे. मग पुढे काय लागतं? दाखले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. रहिवासाचा. जातीचा. इतर मागासवर्गासाठी नॉन-क्रिमी लेअर. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र.

जातीच्या दाखल्याला पुरावा कुठल्या काळातला लागतो? अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी 1967 च्या आधीचा. म्हणजे तुमच्या आजोबा-पणजोबांचा कागद. आणि सगळ्यात भक्कम पुरावा कुठला मानला जातो? त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, किंवा शाळेच्या रजिस्टरमधली नोंद!

जरा थांबून विचार करा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेत जाता आलं नाही, म्हणून सवलत दिली, त्याच समाजातल्या मुलीला सवलत मिळवण्यासाठी आजोबा शाळेत गेले होते, याचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर काम चार दिवसांत. नसतील तर जुने महसुली कागद शोधा, कुणा चुलत आजोबाचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये सापडतंय ते बघा, खेपा घाला. प्रत्येक खेपेला आईचा किंवा बाबांचा एक रोज बुडतो. आणि प्रवेशाची तारीख काही थांबत नाही. कायद्यात इतर पुराव्यांचीही सोय आहे, समिती असते, चौकशी असते. पण ती सोय आहे हे माहीत असणं, हीच मुळात शिकलेल्या घराची मालमत्ता आहे.

माहितीचंही तसंच. मुंबई महानगर भागात अकरावीचे प्रवेश 2009 पासून ऑनलाइन आहेत, 2025 पासून अख्ख्या राज्यात. ऑनलाइनमुळे वशिला कमी झाला, हा मोठा फायदा. पण पसंतीक्रम कसा भरायचा, कोटा म्हणजे काय, पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर काय होतं, हे एका घरात जेवताना बोललं जातं. दुसऱ्या घरात सायबर कॅफेवाला सांगेल ते खरं. गुण दोघींचे सारखे असू शकतात. फॉर्म सारखा भरला जात नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटलं. ते स्वतः खेड्यातल्या टपाल कर्मचाऱ्याचे चिरंजीव. त्यांचं म्हणणं साधं होतं: घरातून मिळालेली भाषा, सवयी, ओळखी यांना शाळा 'हुशारी' समजते आणि गुण देते. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागेल. पेटीत जपून ठेवलेला आजोबांचा शाळेचा दाखला, हेही भांडवलच.

मग करायचं काय?

2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण सुमारे 35 टक्के होतं. देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. फुल्यांच्या काळाशी तुलना केली तर डोंगराएवढा फरक. आणि हा फरक आपोआप पडला नाही. वसतिगृहं काढली, एसटीचे पास दिले, ईबीसी दिली, कूळकायदा झाला, जासईत माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, म्हणून पडला. 'ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच', असं आपण सहज म्हणतो. पनवेलचा इतिहास सांगतो की शिकायची इच्छा असलेले सगळ्या काळात होते. नाका कुणीतरी उठवला, तेव्हाच ते पुढे गेले.

अंतराचा आणि पैशाचा नाका हलवणं सरकारचं, संस्थांचं काम. कागदाच्या नाक्यावर मात्र आपणही हात लावू शकतो. तुमच्या चाळीत, वाडीवर, गल्लीत यंदा नववी-दहावीला कोण आहे ते बघा. त्यांचे दाखले आत्ताच काढायला घ्या, निकालानंतर नाही. आपले सरकार पोर्टल, सेतू केंद्र, महाडीबीटी ही नावं त्यांना सांगा. आदिवासी विद्यार्थी असेल तर वसतिगृहाची आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी असलेल्या स्वयम् योजनेची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायला सांगा. जमलं तर एक दिवस सोबत जा. तुमचा फोन आणि तुमचा अर्धा दिवस, एवढंच भांडवल लागतं.

आणि आज रात्री घरी एक गोष्ट विचारा. आपल्या घरात मॅट्रिक किंवा दहावी पहिल्यांदा कोण पास झालं, आणि तेव्हा ते कुणाच्या घरी राहून शिकले? उत्तरात हमखास एखादी आत्या, एखादा मामा, वसतिगृहातला एखादा मास्तर सापडेल. ते नाव आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एखाद्या भागात अशी नावं एकत्र ऐकू.

तोवर भेटत राहू. नमस्कार!